रांग लावा, सेवा येते आहे

डिसेंबर लागला की गरिबानं जागा सोडून कुठं जाऊ नये. कोण कधी ब्लँकेट घेऊन येईल याचा नेम नसतो. मुंबईतल्या कुठल्याही उड्डाणपुलाखाली झोपणाऱ्या माणसाला विचारा. सोमवारी एका क्लबचं ब्लँकेट येतं, बुधवारी एका बँकेचं, शुक्रवारी भावी नगरसेवकाचं आणि रविवारी, सकाळची मिस्सा आटोपली की, चर्चच्या युवक मंडळाचं. चारही एकाच घाऊक बाजारातली, तीच लाल-निळी चौकट. बाहेर मुंबईची थंडी, म्हणजे दुपारी पंखा आणि पहाटे एक पातळ चादर. चार ब्लँकेटं घेऊन त्यानं करायचं काय? तो एक ठेवतो, तीन विकतो. झालं! पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात चर्चा: ‘बघितलंत? विकून मोकळा झाला. या लोकांना देऊन काही उपयोग नाही.’

अहो, त्याला पैसे हवे होते. तुम्ही कांबळं दिलंत. त्यानं कांबळ्याचे पैसे केले. या सगळ्या व्यवहारात बाजार कळलेला माणूस तो एकटाच.

मला चर्चची दया येते ती वेगळ्याच कारणानं. माणसं जमवायची तर राजकीय पक्षाला ट्रक, वडापाव आणि दिवसाची मजुरी मोजावी लागते. इथं दर रविवारी माणसं आपल्या पायांनी येतात, इस्त्रीचे कपडे घालून येतात आणि वर थैलीत पैसे टाकून जातात. त्यात डॉक्टर असतात, नर्स असतात, शिक्षक, वकील, बँकेतून निवृत्त झालेले, मंत्रालयात जन्म काढलेले. एवढं शिकलेलं मनुष्यबळ एका छपराखाली, तेही दर आठवड्याला, कुठल्या सरकारी खात्याला मिळत नाही. आणि आपण त्याचं काय करतो? पार्किंग! सणाच्या दिवशी फाटकावर शिट्ट्या फुंकायला स्वयंसेवकांची झुंबड. हाउजीला झुंबड, फुटबॉलला झुंबड. नाताळच्या गोठ्यासाठी तर तीन-तीन रात्री जागून थर्मोकोलचे डोंगर उभे राहतात. त्या गोठ्यातलं बाळ गरिबाचं आहे, हे सगळ्यांना मान्य असतं. ते प्लास्टर ऑफ पॅरिसचं आहे आणि काही मागत नाही, ही त्यातली सोय.

मग एखादे फादर उत्साहात सूचना वाचतात: ‘रुळापलीकडच्या वस्तीत दर आठवड्याला जायला तयार असलेल्यांनी मिस्सेनंतर थांबावं.’ त्या रविवारी चर्च जितक्या लवकर रिकामं होतं, तितकं आगीचा भोंगा वाजला तरी होणार नाही.

वस्तीत जायचं म्हटलं की आपल्याला कार्यक्रम लागतो. कार्यक्रम म्हटला की मांडव, मांडव म्हटला की फ्लेक्स आणि फ्लेक्स म्हटला की चेहरे. वह्यावाटपाचा एक फ्लेक्स मी मनापासून वाचला आहे. वर मान्यवर, खाली मान्यवर, डाव्या-उजव्या बाजूला शुभेच्छुक, आणि कुठंतरी कोपऱ्यात ‘गरजू विद्यार्थी’ असे दोन शब्द. प्रत्येक मुलाला वह्या मिळाल्या पाच, भाषणं मिळाली सात. फोटोत नीट बघा: देणारा आणि घेणारा, दोघांचेही हात वहीवर. देणारा कॅमेऱ्याकडे बघतोय, घेणारा वहीकडे. फोटो चुकला तर वही परत घेऊन पुन्हा देतात. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं येशूनं बजावलं होतं. आता डाव्या हातात मोबाइल असतो, त्याला कळल्याशिवाय राहील कसं?

तसा हा रोग जुनाच. यरुशलेमची पहिली मंडळी अजून बाळसंसुद्धा धरत नव्हती तोच पहिलं भांडण झालं, आणि तेही वाटपावरून. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते नोंदलेलं आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातं, अशी तक्रार आली. म्हणजे भाषेवरून रांगेत मागे ढकलण्याची कला आपण शोधून काढलेली नाही. पुढचं मात्र वाचण्यासारखं आहे. प्रेषितांनी परिसंवाद घेतला नाही, अहवाल मागवला नाही. सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. त्या सातांची नावं वाचा, सातही ग्रीक! ज्यांच्या बायाबापड्या उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्यातलेच लोक पळीवर बसवले. आपल्या मदत समित्यांवर नजर टाका. आयुष्यात एकदाही रेशनच्या रांगेत उभं न राहिलेले नऊ जण तुम्हाला तिथं सापडतील, आणि दहावे, कायमचे सन्माननीय अध्यक्ष, ते रजेवर असतील.

*

आता पॅरिसला जाऊ. साल १८३३. आदल्याच वर्षी कॉलऱ्यानं तिथं हजारो माणसं नेली होती. कायद्याचा अभ्यास करणारा फ्रेडरिक ओझानाम नावाचा एक पोरगा मित्रांबरोबर एक वादमंडळ चालवायचा. धर्म, इतिहास, तत्त्वज्ञान, जोरजोरात. त्यातल्या एका विरोधकानं टोला हाणला: तुमच्या चर्चनं पूर्वी खूप केलं, कबूल, आज तुम्ही काय करता ते सांगा. आपल्याकडे असा टोला बसला तर आपण विरोधकाचा धर्म काढतो, जात काढतो, निदान त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप तरी सोडतो. ओझानामला तो टोला लागला. २३ एप्रिलला, म्हणजे बरोबर आपल्या विसाव्या वाढदिवशी, त्यानं काही जणांना घेऊन एक लहानसं मंडळ काढलं. विसाव्या वाढदिवसाला आमच्याकडे चौकात फ्लेक्स लागतो आणि केक तलवारीनं कापतात. त्यानं काय केलं, तर हिवाळ्यासाठी जपून ठेवलेलं सरपण उचललं आणि एका गरीब बाईच्या घरी नेऊन टाकलं, असं सांगतात.

या पोरांना गरिबीतलं काही कळत नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून ती गेली सिस्टर रोझाली रांद्यू या धर्मभगिनीकडे. मुफतार रस्त्याच्या त्या कंगाल भागात बाईंचं आयुष्य गेलेलं. कुठल्या जिन्यावर कोण आजारी आहे, कोणाची चूल पेटली नाही, कोण खोटं बोलतोय आणि का बोलतोय, सगळं तोंडपाठ. त्यांनी पोरांच्या हाती घरांची नावं दिली आणि पाठवलं. व्याख्यान नाही, टी-शर्ट नाही, ‘ओरिएंटेशन’ नाही. मंडळाला नाव दिलं संत व्हिन्सेंट डी पॉलचं. आज ते सुमारे दीडशे देशांत आहे. मुंबईत आणि वसईत कितीतरी धर्मग्रामांत ते ‘एसव्हीपी’ या नावानं ओळखलं जातं, आणि ओळखणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात.

या एसव्हीपीचे नियम पाहिले तर आजच्या कुठल्याही इव्हेंटवाल्याला घाम फुटेल. गरिबाला बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. एकदा जाऊन चालत नाही, जात राहायचं. दर बैठकीत थैली फिरते, आणि कोणी किती टाकले हे शेजारच्यालाही कळत नाही. हा थैलीचा नियम तर आत्मघातकीच! देणाऱ्याचं नावच नाही म्हटल्यावर फ्लेक्सवर छापणार काय? अशा थैलीच्या जोरावर माणूस नगरसेवक कसा व्हायचा? तरुण मंडळी तिकडं का फिरकत नाहीत, याचं उत्तर मला तिथंच सापडलं.

पण खरी मेख आहे ती घरी जाण्यात. रांगेतल्या माणसाला तुम्ही पिशवी देता आणि ‘नेक्स्ट’ म्हणता. घरी गेलात की बसावं लागतं. बसलात की पाणी येतं, मग चहा येतो. बिनदुधाचा, गोड, कान तुटलेल्या कपात. तो प्यावा लागतो. इथं आपल्यातले अर्धे गळतात. ‘नको नको, आत्ताच घेतला’ म्हणतात आणि बाहेर येऊन सॅनिटायझर चोळतात. दहा किलो तांदूळ देणारा माणूस अर्धा कप चहा घ्यायला घाबरतो! तो चहा घेतलात तर ती बाई तुमची यजमान होते, तुम्ही तिचे पाहुणे. मग ती बोलते. तांदूळ आहे घरात, असं म्हणते. मुलीचं शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून शिष्यवृत्ती अडली आहे. नवऱ्याच्या पायाची जखम भरत नाही. घरमालकानं डिपॉझिट बुडवलं. यातली एकही गोष्ट पिशवीत घालता येत नाही. तुम्ही आणलेली पिशवी तेवढी कोपऱ्यात बसून राहते.

ओझानाम पुढं सोर्बोनमध्ये प्राध्यापक झाला, दान्तेचा नावाजलेला अभ्यासक ठरला आणि १८५३ साली चाळिसाव्या वर्षी गेला. १९९७ साली पोपनी त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. म्हणजे सरपणानंतर १६४ वर्षांनी. आमच्याकडे सत्कार वाटपाच्या आधी उरकून घेतात, वाटप राहिलं तरी चालतं.

*

अमेरिकेत अटलांटा शहरात रॉबर्ट लप्टन नावाचे गृहस्थ अनेक वर्षं गरीब वस्तीत राहून काम करत आले. २०११ साली त्यांनी ‘टॉक्सिक चॅरिटी’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी नाताळची एक गोष्ट सांगितली आहे, ती चर्चच्या प्रत्येक देणगीदाराला तोंडी परीक्षेसाठी लावायला हवी. नाताळच्या आदल्या दिवशी सुखवस्तू कुटुंबं सजवलेली खेळणी घेऊन गरिबांच्या घरी येत. मुलं नाचत, आई ओशाळं हसे, आणि बाप? बाप मागच्या दारानं नाहीसा होई. आपल्या पोरांना आपण काही देऊ शकलो नाही, हे आपल्याच घरात, आपल्याच पोरांसमोर, पाहुण्यांच्या साक्षीनं सिद्ध होताना कोण बघत बसेल? लप्टनना हे आधी दिसलंच नव्हतं, कारण ते नेहमी पुढच्या दारानं आत येत. वस्तीतच राहायला गेले तेव्हा दिसलं. मग त्यांनी देणगीची खेळणी एका दुकानात मांडली आणि अगदी कमी दर लावले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना त्याच दुकानात काम दिलं. बाप दुकानात आला, भाव केला, खेळणं घेतलं आणि पुढच्या दारानं घरी गेला.

आपल्या वस्त्यांतल्या खोल्यांना मागचं दार नसतं. आपला बाप नाक्यावरच्या टपरीशी जाऊन उभा राहतो, सांताक्लॉजची टोपी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत. मग सांताक्लॉज गाडीत बसता बसता म्हणतो, ‘बघा, बाप पितो वाटतं. घरातच नव्हता.’

गरिबाला काय हवं ते त्याला विचारलं तर तो काहीतरी भलतंच मागेल, अशी आपल्याला भीती असते. एकदा विचारून पाहावं. वसईत साधारण शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी विचारलं असावं. तेव्हाचा वसईचा शेतकरी सावकाराच्या कचाट्यात होता. मोन्सेनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी त्याला पिशवी दिली नाही. १९१८ साली पतसंस्था काढून दिली. तीच आजची बेसिन कॅथॉलिक बँक. फादरनं प्रवचन सोडून व्याजाचा हिशेब करावा, हे तेव्हाही काहींना रुचलं नसेल. पण कर्ज घेणारा माणूस पुस्तकावर सही करतो, वाटप घेणारा अंगठा देतो. दोघांची बसण्याची ऐटच वेगळी.

त्या शेतकऱ्यांची नातवंडं-पतवंडं आता बरी आहेत, देवाची कृपा. वाड्यांत खोल्या काढून भाड्यानं दिल्या आहेत. त्या खोल्यांत आज उत्तरेकडचा सुतार राहतो, नेपाळी वॉचमन राहतो, डहाणू-जव्हारकडून आलेलं वारली कुटुंब राहतं. म्हणजे गरिबीच्या शोधात कुठं लांब जायला नको, ती आपलीच भाडेकरू आहे. आणि गृहभेटीला वेळ मिळत नाही म्हणतात, तेही खरं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला जातोच ना आपण भाडं घ्यायला? आत बसा थोडं. चहा घ्या. नाव विचारा. खोली नंबर चार, हे काही नाव नव्हे.

*

एवढं झाल्यावर एक प्रश्न येणारच, तो आधीच घेऊन टाकू. ‘हे सगळं शेवटी धर्मांतरासाठीच ना?’ दवाखान्यातल्या खोकल्याच्या औषधातही ज्यांना पवित्र पाण्याचा वास येतो, असे लोक आपल्याकडे पुष्कळ. हा वास जुना आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेत धर्मांतर होतं, यावरून १८९३ साली पुण्यात केवढं वादळ उठलं होतं. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. वादळ उठवणारे पुण्यात होते. बाई मध्य प्रांतात हिंडून उपाशी मुली-बायका गोळा करत होत्या. त्यांना केडगावला आणलं आणि तिथं शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असं एक गावच उभं केलं. दुष्काळातून आलेल्या मुलींना शिधा देऊन बसवून ठेवलं नाही, हाताला काम दिलं, अक्षर दिलं. बाईंच्या धर्मप्रचारावर टीका करायची तर खुशाल करा, ती तेव्हा त्यांच्या जवळच्यांनीही केली. फक्त टीका करणाऱ्यांनी आपण किती जणींना जेवू घातलं तो आकडा सोबत जोडावा.

आणि चर्चवाल्यांनाही सोडायला नको. तांदळाच्या पिशवीला प्रार्थनेची चिठ्ठी बांधून देणारे आहेतच. उपासनेला आलात तर कूपन, नाही आलात तर पुढच्या महिन्यात बघू. याला सेवा म्हणत नाहीत, खरेदी म्हणतात, आणि तीही स्वस्तातली. भुकेल्या माणसाची ‘आमेन’ ऐकून ज्यांना आनंद होतो, त्यांनी आपले कान तपासून घ्यावेत. एसव्हीपीची जुनी माणसं समोरच्याचा धर्म न विचारता घरी जातात. दोघांच्या दोन टोकांच्या संशयामधून हीच माणसं रोज वाट काढत असतात. दोन्ही बाजूंच्या पहारेकऱ्यांना माझी विनंती आहे: एखाद्या सकाळी या, कुष्ठरोग्याच्या पायाची पट्टी बदला. जागा रिकामी आहे, रांग नाही.

खुद्द पोप फ्रान्सिस यांनाही गरिबांसाठी वर्षातला एक दिवस ठरवून द्यावा लागला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जागतिक गरीब दिन पाळतात. पहिल्या वर्षी पोप सुमारे दीड हजार गरिबांबरोबर जेवायला बसले. ‘बसले’ हे महत्त्वाचं. टेबलाच्या पलीकडं उभं राहून वाढत होते असं नव्हे. आमच्याकडे त्या दिवशी काय होतं? ‘गरिबी’ या विषयावर चित्रकला स्पर्धा होते. पहिलं बक्षीस वॉटर कलरचा सेट.

एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. २०२० ची टाळेबंदी. मुलंबाळं कडेवर घेऊन माणसं गावाकडं चालत निघाली होती, तेव्हा कितीतरी धर्मग्रामांनी चुली पेटवल्या, डाळभाताची पाकिटं भरली, रात्री-अपरात्री रस्त्यावर नेली. नगरच्या मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलनं कोविडच्या रुग्णांवर फुकट उपचार केले. मशिदींनी केलं, गुरुद्वारांनी तर केलंच. त्या काळात कोणी कोणाचं भाषण ठेवलं नाही, शाल दिली नाही. माझा एक साधा तर्क आहे: फ्लेक्स छापणारी दुकानं बंद होती.

*

दुसरा एक गैरसमज असा की सेवा नेहमी खात्यापित्याकडून उपाशाकडं वाहते. मिझोरामच्या बायकांना हे कोणी सांगितलेलं नाही. १९१० सालापासून तिथल्या प्रेस्बिटेरियन घरांत ‘बुहफाई थम’ चालतं. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायला घेतलेल्या तांदळातून एक मूठ चर्चसाठी बाजूला काढायची. तेव्हा त्या डोंगरांत पैसा कोणाकडंच नव्हता, मूठ मात्र प्रत्येकीकडं होती. गोळा झालेला तांदूळ विकून आलेल्या पैशांवर तिथल्या चर्चचं मोठं काम उभं आहे. आमच्याकडे गरिबाकडून एकच काम घेतलं जातं, रांगेत उभं राहण्याचं. वस्तीतली बाई अख्ख्या गल्लीची बाळंतपणं निभावते. कोणाचा नवरा गेला तर तेरा दिवस त्या घरात डबा पोचवते. पण आमच्या समितीच्या यादीत तिचं नाव ‘लाभार्थी’ या रकान्यातच येणार. स्वयंसेवकाच्या रकान्यात यायला बिल्ला लागतो.

आणि जागा! मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, एक टीव्ही, आणि त्यात दहावीचं पोरगं. त्याच वस्तीपासून हाकेच्या अंतरावर चर्चच्या धर्मशिक्षणाच्या खोल्या. बाकं आहेत, पंखे आहेत, ट्यूबलाइट आहेत, आणि सोमवार ते शनिवार दाराला कुलूप आहे. अभ्यासिका सुरू करा म्हटलं तर पॅरिश कौन्सिलमध्ये तासभर वाद होतो. वीजबिल कोण भरणार, किल्ली कोणाकडं राहणार, आणि सर्वांत मोठी चिंता: ‘मुलं बाकांवर नावं कोरतील.’ कोरू देत हो. पोर्तुगीजांनी अख्ख्या वसईच्या किल्ल्यावर कोरली. ती आपण पाहुण्यांना नेऊन दाखवतो.

आता कामाचं. सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत जास्त उपयोगी अशी मदत म्हणजे कागद. महाराष्ट्रात धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयानं ठरवलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. गुळगुळीत फरशीची, कॉफी शॉप असलेली कितीतरी पंचतारांकित रुग्णालयं त्यात येतात. पण ज्याच्यासाठी ती खाट आहे, तो तिथल्या काचेच्या दारातल्या सुरक्षारक्षकालाच घाबरतो. त्याच्याबरोबर इंग्रजीत दोन वाक्यं बोलणारा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड फाइलला लावून आणलेला, ‘सोशल वर्करची केबिन कुठं आहे?’ असं दरडावून विचारणारा एक माणूस असला, की खाट सापडते. त्या एका माणसाची किंमत तुमच्या सगळ्या ब्लँकेटांहून जास्त आहे, आणि त्याला जीएसटी नाही.

तसंच निराधारांचं. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतात. १५०० म्हणजे आपल्या एका रविवारचं मटण आणि त्याबरोबरचं बाकी सगळं. निराधार बाईच्या घरात ते महिन्याचं रेशन आणि गॅस. पण त्यासाठी दाखले लागतात, दाखल्यांसाठी दुसरे दाखले लागतात, आणि त्यांतल्या एकावर आडनावाची वेलांटी चुकलेली असते. म्हातारी तीन हेलपाटे मारते आणि चौथ्यांदा जातच नाही. सरकारचे पैसे वाचतात.

इथं एक अडचण आहे, ती मान्य. चर्चचे स्वयंसेवक मोकळे रविवारी, फार तर शनिवारी. आणि राज्य सरकारनं २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा केला, त्यामुळे कचेरी शनिवार-रविवार बंद. सेवेची हौस आणि सेवेची खिडकी एकाच दिवशी कधीच उघडी नसते. नोकरदार तरुणांना दोष देऊन उपयोग नाही. ते सोमवारी सकाळी विरार लोकलमध्ये एका पायावर उभे असतात.

पण निवृत्त मंडळी? प्रत्येक धर्मग्रामात एक काका असतात, सरकारी खात्यात पस्तीस वर्षं काढलेले. ‘त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावे’ हा शेरा त्यांनी आयुष्यात इतक्यांदा मारलेला असतो की प्रकरण कुठं अडतं हे त्यांना झोपेतही सांगता येईल. कारण ते त्यांनीच अडवलेलं असतं. असे काका फाइल घेऊन म्हातारीबरोबर तहसीलच्या खिडकीशी उभे राहिले तर आतला कारकून कागद न बघताच उठून उभा राहील. आमच्या एका फादरनी हे हेरलं आणि मिस्सेनंतर अशाच एका काकांना फाटकाजवळ गाठलं. स्कूटर काढू दिली नाही. उद्या सोमवार आहे, म्हणाले, कचेरी पावणेदहाला उघडते, आजी तयार आहेत, कागद माझ्याकडं आहेत, तुम्ही चला.

काकांनी पटकन घड्याळ पाहिलं, मग आकाशाकडं पाहिलं.

‘गेलो असतो हो फादर. पण सकाळी मला चालायला जायचं असतं. डॉक्टरांनी सक्त सांगितलंय, रोज चार किलोमीटर.’

‘दोन किलोमीटरवर आहे तहसील,’ फादर म्हणाले. ‘जाऊन-येऊन चार.’